चौदावं दार

तळमजल्यावरची टूही बाई हातात लोखंडी फावडं घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, जरासा विस्तव द्याल?" विनीने शेगडीतले चार लाल कोळसे चिमट्याने उचलून तिच्या फावड्यावर ठेवले. इतकंच झालं. खरं म्हणजे त्यानंतर टूही बाईने जिना उतरून जायला हवं होतं. पण ती गेली नाही. फावड्यावरचे निखारे आपल्या श्वासाने विझतील अशी भीती वाटत असल्यासारखी मान बाजूला वळवून ती उभी राहिली. "आजच्या दिवशी मागू नये," ती म्हणाली, "पण पोर पहाटेपासून खोकतंय, आणि काड्यांची पेटी ओली झालीये. आमच्या गावात तोंडावर दार लावलं असतं." विनीने विचारलं, का बरं? "अहो, मेची पहिली नाही का. आज विस्तव उंबऱ्याबाहेर गेला की वर्षाचं दैव त्याच्याबरोबर गेलं. सख्खी बहीण आली तरी देत नाहीत. तुम्ही शाळेतल्या बाई, तुम्हाला कुठलं ठाऊक असायला." मग ती हसली. "दिलंत ते दिलंत. आता वर्षभर तुमचं नशीब माझ्या घरात. काही अडलं तर खाली येऊन मागून न्या."

ती गेल्यावर विनी शेगडीसमोर खुर्ची ओढून बसली. शाळेला अजून तासभर अवकाश होता. खाली रस्त्यावर दूधवाल्याचे डबे वाजत होते आणि डब्लिनची ती करडी सकाळ खिडकीच्या काचेला नेहमीसारखी चिकटून होती. आई जाऊन सात आठवडे झाले होते, आणि या सात आठवड्यांत विनीला कळून चुकलं होतं की दुःख आपण वाचलं होतं तसं येत नाही. ते लाटेसारखं येत नाही, अंगावर कोसळत नाही. ते भाड्याने राहायला आलेल्या माणसासारखं खोलीत एका कोपऱ्यात बसून असतं आणि मधूनच काहीतरी मागतं. आज त्याने विस्तव मागितला होता. कारण टूही बाईचं बोलणं ऐकता ऐकता विनीला एक गोष्ट दिसली, जी त्रेचाळीस वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होती: मेच्या पहिल्या तारखेला आई शेगडी पेटवत नसे. एकदाही नाही. आदल्या संध्याकाळीच ती सगळे कोळसे बादलीत काढून पाण्याने विझवी, राख भरून खाली नेऊन टाकी, आणि दुसऱ्या दिवशी दोघी थंड भाकर आणि ताक घेत. "आज गारच खायचं," एवढंच ती म्हणे. लहानपणी विनीला तो उपासाचा दिवस वाटे, कुठल्यातरी संताचा. पुढे वडिलांना ती आईची लहर वाटे. वडील गेले, विनी शाळेत शिकवायला लागली, ढीगभर पुस्तकं वाचली, रीतिरिवाजांवरचीही वाचली, आणि तरी आपल्याच घरातल्या त्या गार शेगडीकडे तिने कधी मान वळवून पाहिलं नाही. आता तिला वाटलं: ज्या घरात विस्तवच नाही, त्या घराला कुणाला नाही म्हणावं लागत नाही.

आईच्या बाबतीत तिने आणखी कशाकशाकडे पाहिलं नव्हतं, याचा हिशेब लागत नव्हता. इस्पितळात शेवटच्या दिवशी आईचा हात हातात घेतल्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं झालं होतं, आणि काय चुकलं ते कळायला बराच वेळ लागला होता. उजव्या अंगठ्याचं नख. स्वच्छतेच्या नादात नर्सने ते कापून टाकलं होतं. आईने ते नख आयुष्यभर वाढवलं होतं, पिवळट, जाड, शिंपल्याच्या कडेसारखं. उकडलेल्या बटाट्याचं साल ती त्या नखाने एका फिरकीत काढी. सुरीने सोललेला बटाटा तिला चालत नसे. म्हणे, लोखंड लागलं की तो रुसतो. डब्लिनच्या मोठ्या घरांतून स्वयंपाकीण म्हणून तिने वीस वर्षं काढली, मालकिणींनी त्या नखावरून नाकं मुरडली, पण ते तिने कापू दिलं नाही. विनीने तो बोथट, परका अंगठा धरून ठेवला होता आणि तिला आईच्या जाण्यापेक्षा त्याचंच रडू आलं होतं.

ते नख कॅलाबेगचं होतं. कॅलाबेग म्हणजे पश्चिमेच्या किनाऱ्यावरचं आईचं गाव, जिथे विनी कधी गेली नव्हती, आणि जे तिला डब्लिनच्या कुठल्याही रस्त्यापेक्षा जास्त पाठ होतं. कारण आई ते म्हणून दाखवी. बाकीच्या आया अंगाई म्हणत, हिची आई गल्ली म्हणे. धक्क्यापासून वर, एकेक दार. पहिलं दार बार्ट वॉर्डचं, त्याची जाळी ओकच्या सालीच्या काढ्यात बुडवलेली असायची आणि त्या वासाने जाणाऱ्यायेणाऱ्याच्या नाकात पाणी यायचं. दुसरं विधवा क्लोहर्टीचं, तिचा हंस आंधळा होता आणि पावलांवरून माणूस ओळखायचा. तिसरं लायडनांचं, दोघे भाऊ एका डुकरावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकाच होडीत जायचे. वल्ही कशी मारायची ते कुत्र्याला उद्देशून सांगायचे. सातव्या दाराशी फेस्टी, तीन बोटांचा, पण असं फिडल वाजवी की पाच बोटांच्यांनी लाजावं. हेरिंग मासे आले की सगळी दारं सताड उघडी, उंबऱ्यावर खवल्यांचा थर, आणि उन्हं कलली की अख्खी गल्ली चमके. जेवायच्या वेळी कुणी दार लावत नसे. मडक्यावर टोपली पालथी घालून तिच्यावर बटाट्यांची रास, भोवती माणसं, आणि वाटसरूला आत यायला कुणी या म्हणत नसे, कारण त्याने यायचं हे ठरलेलंच. भूक येण्याआधीचं, म्हणजे बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडण्याआधीचं ते गाव. आई भूक हा शब्द वापरत नसे. "नंतर" म्हणे. आणि नंतरचं काही सांगत नसे. दारं संपली की गोष्ट संपे.

तेवीस दारं, आई म्हणायची. एकदा विनीने, असेल सहासात वर्षांची, बोटांवर मोजली तर बावीसच भरली. तेरावं आईचं स्वतःचं, कॉइनांचं. आणि त्याच्यानंतर लगेच रिजांचं, ज्यांच्या छपरावर गवताबरोबर कांदे उगवायचे. "आई, एक दार कमी आहे." आई राख सारत होती. ती थांबली नाही. "मग तू नीट मोजलं नाहीस." विनीने पुन्हा मोजलं, पुन्हा बावीस. तिसऱ्यांदा मोजलं नाही, कारण आईने राखेवर शिंपला ठेवला होता आणि शिंपला ठेवल्यावर बोलायचं नसे. झोपण्याआधी आई निखाऱ्यांचे तीन ढीग करी, त्यांवर राख ओढी, राखेवर बोटाने फुली काढी, आणि सगळ्यांत वर एक मोठा पंखाच्या आकाराचा शिंपला पालथा ठेवी. फुली सगळेच काढतात, शिंपला फक्त कॉइनांच्या घरी, असं ती सांगे. तिच्या आईने सुरू केलेलं. डब्लिनच्या दगडी कोळशाला त्या उपचाराचा काडीचा उपयोग नव्हता, सकाळी तो विझलेलाच असे. तरी शिंपला रोज ठेवला जाई.

तो शिंपला रुमालात गुंडाळून विनी मे अखेरच्या सुट्टीत पश्चिमेच्या गाडीत बसली. कशासाठी चाललोय हे तिने स्वतःला सांगितलं नव्हतं. शिंपला त्या समुद्रात टाकून यावा, असं काहीसं मनात होतं. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं, जे तिला धड बसू देत नव्हतं. टूही बाईच्या फावड्यापासून ते सुरू झालं होतं. मेच्या पहिल्या तारखेला कुणीतरी विस्तव मागायला आलं होतं आणि आईच्या घराने तो दिला नव्हता. आणि ज्या दारातून ते माणूस आलं, ते दार आईने गल्लीतून काढून टाकलं होतं. एवढं तिला खिडकीबाहेर दलदली आणि दगडी कुंपणं सरकताना स्पष्ट दिसत होतं. ते दार कुणाचं, एवढंच माहीत नव्हतं. ज्या गावाने तिचं सगळं बालपण उबदार ठेवलं, त्याच्या मधोमध एक गार भोक होतं, आणि आता तिला ठरवायचं होतं की आई कोण होती. दारं म्हणणारी की दार लावणारी.

शेवटच्या स्टेशनावरून तिला घेऊन जाणारा गाडीवान तरुण होता आणि गप्प बसणं त्याला जमत नव्हतं. "धक्क्याची गल्ली? तिथं आता मेंढ्या राहतात, बाई. भाडं देत नाहीत, पण भांडतही नाहीत." मग जरा वेळाने, "एक घर आहे म्हणा. सिबी मॅनियनचं. भुकेच्या वेळची म्हातारी. वेळ घेऊन जा, ती सोडत नाही. माझ्या बापाच्या लग्नात कोण किती प्यालं ते मला ती दर रविवारी सांगते."

मॅनियन. विनीने ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. आईच्या तोंडून ते तिने कधीही ऐकलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते ओळखीचं वाटलं.

गल्ली म्हणजे गवत झालं होतं. धक्क्याचे दगड तेवढे जागेवर होते, आणि वर चढत जाणारी दगडी वाट, जिच्या दोन्ही बाजूंना हातभर उंचीच्या भिंती, आत खाजकुयलीसारखं झोंबणारं रान. विनी मोजत वर चढली. वॉर्ड, क्लोहर्टी, लायडन. वास कुठलाच नव्हता, फक्त मीठ आणि मेंढ्या. सातव्यापाशी ती क्षणभर थांबली आणि आपण कान देतोय हे लक्षात येऊन तिला लाज वाटली. तेराव्या जागी चार दगड आणि एक चुलीची खोबण होती. इथे आई जन्मली. आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून ती उभी राहिली, पण काहीच वाटलं नाही. आईचं घर या दगडांत नव्हतं, ते डब्लिनच्या दुसऱ्या मजल्यावर राखेपाशी वाकलेलं होतं. आणि मग तिने मान वळवली तर तेराव्याच्याच भिंतीला पाठ लावून चौदावं घर उभं होतं. छप्पर शाकारलेलं, दाराचा खालचा अर्धा लावलेला, वरचा उघडा, आणि धुराड्यातून निळसर सरळ धूर.

"मोजत मोजत आलीस," अर्ध्या दारावर कोपर टेकून उभी असलेली म्हातारी म्हणाली. "ओठ हलत होते. कुणाची तू?"

विनीने आयरिशमध्ये सांगितलं, कॉइनांची. बॅबीन कॉइनची मुलगी. डब्लिनहून.

म्हातारीने दाराचा खालचा अर्धा उघडला. "पुस्तकातून उतरवून घेतल्यासारखं बोलतेस. पण 'कॉइन' बरोबर म्हणालीस, बॅबीनसारखं. आत ये. उभ्याने बटाटे खाता येत नाहीत."

आत अंधार आणि ऊब होती. चुलीत वाळवलेल्या पीटची, दलदलीतल्या जळाऊ मातीची, ढेकळं संथ जळत होती, आणि त्या वासाने विनीच्या डोळ्यांत पाणी आलं, जे तिला धुराच्या नावावर खपवता आलं. म्हातारीने मडक्यावर टोपली पालथी घातली. दोघी समोरासमोर बसल्या. विनीने पहिला बटाटा उचलला, अंगठ्याचं नख लावलं, आणि साल एका फिरकीत सुटलं. हे तिला येतं हे तिलाच माहीत नव्हतं. सिबीने ते पाहिलं आणि आपल्या पिवळ्या, जाड नखाने दुसरा सोलला.

"बॅबीन गेली का?"

"मार्चमध्ये."

"देव तिला जागा देवो. मोठी होती माझ्यापेक्षा, पाच वर्षांनी. या भिंतीपलीकडे तुमची चूल होती, बघ, आणि अलीकडे आमची भांडी. हिवाळ्यात ही भिंत गायीच्या पोटासारखी गरम असायची. आमचं मांजर तुमच्या विस्तवावर वाढलं आणि उंदीर आमचे खायचं. तुझी आजी म्हणायची, मांजराच्या पाहुणचाराचे मॅनियनांनी आमचे पाय धुवावेत." सिबी हसली. तिला दोनच दात होते, ते दोन्ही हसले. मग ती बोलतच राहिली, आणि विनी ऐकताना मनातल्या मनात दारं लावून पाहत होती: आंधळा हंस होता, लायडनांचा कुत्रा होता, फेस्टी होता, पण सिबीच्या मते चार बोटांचा. दोघींच्या गल्ल्या एकमेकींवर ठेवल्या तर कडा जुळत होत्या. सिबीच्या गल्लीत मात्र कॉइनांनंतर दम न घेता तिचं स्वतःचं घर येत होतं. विनीला वाटलं आता विचारावं, आणि वाटलं विचारू नये, अजून गाडीवान खाली थांबलाय, उठावं, शिंपला पाण्यात टाकावा आणि परत जावं. ती म्हणाली, "मेच्या पहिल्या तारखेचं काहीतरी..."

सिबीचा हात बटाट्यावर थांबला.

"तिने सांगितलं?"

"नाही. काहीच नाही."

"मग ती चांगली होती," सिबी म्हणाली. "मी असते तर सांगितलं असतं." तिने सालं मुठीत गोळा केली. "लाज आमची होती, पोरी. त्या वर्षी आमच्या घरात सगळे आडवे. चूल विझली, आणि मूठभर मक्याचं पीठ होतं, ते न शिजवता खाल्लं तर पोट फाडतं. आई म्हणाली, जा, कॉइनांकडून विस्तव आण. मी नऊ वर्षांची. भांडं घेऊन गेले. बॅबीन दारात आली, एकटीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे चुलीकडे पाहिलं, आणि म्हणाली, सिबी, आज मेची पहिली. दिवस मावळल्यावर ये. आणि मला घाम फुटला. कारण आम्हाला ठाऊकच नव्हतं. दिवस मोजायचेच राहून गेले होते. भुकेने अन्न नेलं ते नेलं, तारखासुद्धा नेल्या. या किनाऱ्यावर कुणी त्या दिवशी शेजाऱ्याकडे विस्तव मागितला नसता, मरत असलं तरी. माझ्या आईला कळलं तेव्हा तिने तोंडावर शाल घेतली. आपण कॉइनांचं दैव मागायला गेलो, म्हणाली. आणि दिवस मावळायच्या आत तिने आम्हाला उठवलं आणि गरिबांच्या आश्रयघराच्या वाटेला लावलं. शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं म्हणून."

"सगळे?"

"सहा गेलो. सप्टेंबरात मी परत आले, मावशीबरोबर. एकटी."

चुलीतलं एक ढेकूळ मोडून आत लाल झालं. विनी त्या लालीकडे बघत होती. तिला एक चौदा वर्षांची मुलगी दिसत होती, दारातून मागे वळून पाहणारी, आईने बजावलेलं आठवणारी. आणि तीच दिवस मावळल्यावर भांड्यात निखारे घेऊन शेजारच्या दारी उभी, आणि आत कुणी नाही. तिथपर्यंत विनीला आपोआप पोचता आलं. पुढचं सिबीने सांगितलं.

"आता हे मी कुणालाही सांगत नाही," ती म्हणाली, "पाद्रीबाबांनाही नाही. पण तू तेराव्या दाराची आहेस. आम्ही दार उघडलं तेव्हा ही भिंत गार होती. तुमच्याकडे कुणी उरलं नव्हतं. बॅबीनला तिचा मामा आदल्याच दिवशी, सेंट मायकलच्या सणाला, घेऊन गेल्याचं नंतर कळलं. मावशी म्हणाली, चूल साफ कर. मी राखेत हात घातला आणि भाजला." तिने तळहात पुढे केला, जणू डाग अजून दिसत होता. "पाच महिन्यांचं बंद घर. आणि राखेखाली तीन ढीग, जिवंत. वर फुली. आणि फुलीवर एक शिंपला, पालथा. मावशी गुडघ्यांवर बसली. मी नाही बसले. मला माहीत होतं ते कुणी केलं."

"कुणी?" विनीने विचारलं.

"माझ्या आईने. आणखी कोण? ती तिकडे आश्रयघरातच जुलैमध्ये गेली, सगळ्यांबरोबर चुन्याच्या खड्ड्यात पुरली. पण चूल गार टाकून गेल्याची रुखरुख तिला. ती येऊन राखत होती, मी येईपर्यंत. माझी आई शिंपला ठेवायची नाही, पण तिकडे गेल्यावर माणूस काही नवं शिकत असेल." ती चुलीकडे वळली. "त्यानंतर हा विझू दिलेला नाही मी. चौपन्न वर्षं. लग्नाला गेले नाही कुणाच्या, रात्र बाहेर काढली नाही. तो तिचा आहे."

चुलीच्या कडेला, भिंतीशी टेकवलेला, धुराने काळा झालेला एक पंखाच्या आकाराचा शिंपला होता.

विनीच्या मांडीवरच्या पिशवीत, रुमालात, दुसरा होता. कापडातून त्याच्या रेघा तिच्या बोटांना लागत होत्या. तो काढून या काळ्या शिंपल्याशेजारी ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मग आईचं नाव त्या राखेतून वर आलं असतं: मे ते सप्टेंबर, रोज दिवस मावळल्यावर, स्वतःच्या घरातली माणसं एकेक करून जात असताना, दुसऱ्यांच्या रिकाम्या चुलीशी वाकणारी मुलगी, ज्यांना आपण मारलं असं तिला वाटलं, आणि जिला कधीच कळलं नाही की त्यांतलं एक परत आलं, ती गेल्यावर एकाच दिवसाने. डब्लिनच्या कोळशावर त्रेचाळीस वर्षं ठेवलेला शिंपला. विनीला ते ओरडून सांगावंसं वाटलं. तिने तोंड उघडलं. समोर त्रेसष्ट वर्षांची एक मुलगी आपल्या आईच्या विस्तवाशी बसली होती. विनीची आई जाऊन अकरा आठवडे झाले होते, आणि तिच्या शेगडीत असलं काही उरलं नव्हतं. उरलं असतं आणि कुणी येऊन ते दुसऱ्याचं आहे म्हणालं असतं, तर?

तिने पिशवीवरचा हात काढून घेतला.

"आई दारं म्हणून दाखवायची," ती म्हणाली. "धक्क्यापासून. रोज."

"खरंच? म्हण बघू."

विनीने म्हटली. वॉर्ड, क्लोहर्टी, लायडन. सिबीचे ओठ बरोबर हलत होते, फेस्टीपाशी तिने चार बोटं वर केली आणि विनीने वाद घातला नाही. बाराव्यानंतर तेरावं, कॉइन. तिथे विनी थांबली. आयुष्यभर पाठ असलेली ओळ पुढे रिजांच्या कांद्यांकडे ओढत होती.

"चौदावं मॅनियन," ती म्हणाली.

"आमच्याबद्दल काय म्हणायची?" सिबीने विचारलं. ती पुढे वाकली होती, तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"म्हणायची," विनी सावकाश म्हणाली, "त्या घरात विस्तव कधी विझला नाही."

सिबीने मान हलवली, तिला ते आधीपासून ठाऊक असल्यासारखी. मग तिने भिंतीला टेकलेला शिंपला उचलला, शालीच्या टोकाने पुसला, परत ठेवला. "पंधरावं," ती म्हणाली. "थांबू नकोस. रिजांना राग येतो."